विहिरीच्या वरच्या अंगाला

२ मार्च
लोहाऱ्याहून एक जण मोटारसायकलवर आला, बोअरला पॉइंट दाखवा म्हणून. हात थरथरतो सांगून परत पाठवला. खरं कारण वेगळंच. गेल्या वर्षी ग्रामसभेत उठून बोललो, यापुढं पाणी बघायला तळहातावर नारळ ठेवणार नाही, आणि गावच्या विहिरीच्या आसपास कुणी नवा बोअर पाडायचा नाही. ठराव झाला, टाळ्या वाजल्या. बरं वाटलं होतं, खोटं कशाला लिहू.

९ मार्च
तीस वर्षं पाणी दाखवत फिरलो. माझ्या खुणेवर बोअर पडले, बोअरवर ऊस आला. बोअर आटले की मीच आणखी खोल जा म्हणायचो. ठरावाच्या वेळी पाण्याची पाहणी करणाऱ्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, काका, वरच्या मुरमातलं पाणी पावसानं भरतं, खालच्या खडकातलं भरायला पिढ्या जातात. आणि तेव्हा जमिनीत पाणी मुबलक होतं, तुम्ही कुठंही खूण केली असती तरी पाणी लागलंच असतं. पहिलं पटलं. दुसरं अजून गळ्याखाली उतरत नाही. नारळ आडवा ठेवला की माझ्या हातावर उभा राहायचा. तो काय मी उभा करायचो?

विहीर मात्र टिकलीय. ओढा रुंद केला, बांध घातले, बऱ्याच जणांनी ऊस सोडला. मार्च लागला तरी टँकर नाही.

१७ मार्च
मंगल आली होती. धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्या वडिलांनी, आबांनी दिलेल्या दोन एकरांवर राहते, विहिरीच्या वरच्या अंगाला. तिथला जुना बोअर कोरडा पडलाय, डाळिंबं वाळायला लागलीत. फळ जेमतेम लिंबाएवढं. बाग गेली तर पुण्याला धुणीभांडी करायला जावं लागेल म्हणाली. या वयात.

"समद्या जगाला पानी दावलं, दादा. माझी येळ आली की तुमाला शप्पत आठवली?"

जेवली नाही. तशीच गेली.

२३ मार्च
गेलो शेवटी मंगलच्या रानात. पिशवीत नारळ.

चिंचेपाशी नारळ हातावर उभा राहिला. विहीर तिथून दिसते. इथं नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर मंगलनं खुणेचा दगड ठेवला होता.

२६ मार्च
बोअरची गाडी सकाळी आली. दुपारपर्यंत नुसती धूळ. साडेचारला पाणी लागलं, चांगलं लागलं. गावाला सांगितलं की जुनाच बोअर धुवून घेतोय. हे सांगायचं मीच सुचवलं.

६ एप्रिल
विहिरीच्या चार पायऱ्या उघड्या पडल्या. बायका म्हणतात, उन्हाळा लई कडक. मी पण मान हलवली.

वरती मंगलची मोटर चालू. झाडं हिरवी झालीत.

११ एप्रिल
टँकर सुरू. शेजारच्या शांताबाईंनी दोन्ही म्हशी काढल्या, पाजायला पाणी नाही. पडेल भावात गेल्या. आता घरात दुधाचे पैसे यायचे तेही बंद. म्हशी टेंपोत चढवताना मी हात लावला. शांताबाई मला दुवा देत होत्या. तिथं उभं राहवेना.

संध्याकाळी सरपंच आले. परवा सभा. "काका, पान्याचं तुमाला कळतं. इहीर एवढ्यात का आटली, तुमीच सांगा लोकांना."

हो म्हणालो.

१२ एप्रिल
मंगलकडं जाऊन सांगितलं की सभेत खरं बोलणार, बोअर बंद करावा लागेल. तिनं चहा ठेवला होता, तो उतरवला. भांडली नाही. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

"सांगा. म्या न्हाय अडवत. पर पानी लागलं तवा तुमी बांधावर बसून रडलाव, ते बी सांगा."

तिला वाटतं, मी तिच्यासाठी रडलो.

१३ एप्रिल
हे मी इथं लिहिलं नव्हतं. फवारा वर आला आणि मी लहान पोरासारखा रडलो. बहिणीची बाग जगली म्हणून नाही. नारळ खरा निघाला म्हणून.

सभा दहाला. चावडीवर माणसं जमलेली इथून दिसतात. सरपंचांनी दोनदा निरोप धाडला. सदरा घालून बसलोय.