लागोसचं कापड

बाबा, मी लागोसला जाऊन आले. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं आणि सांगताना तुमचा चेहरा बघायचा होता, पण तुम्ही त्यातून आधीच सुटलात. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली. मी इथे नेकारसुल्मला, या जर्मन गावात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. रविवार आहे, म्हणजे रुहेत्साइट, आवाज करायचा नाही. मिक्सर लावला तरी खालच्या आजी वर येतात. तेव्हा भांडायचं तर कागदावरच.

तुमच्या नातीचं लग्न झालं. मुलगा लागोसचा. शिकायला श्टुटगार्टला आला, आता इथल्या कारखान्यात इंजिनिअर आहे, दर दुसऱ्या शनिवारी आमच्याकडे जेवायला असतो आणि पोळीवर तूप मागून घेतो. इथल्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे लग्ननोंदणीच्या कचेरीत, सह्या झाल्या, पण त्याच्या आईवडिलांना घरचं लग्न हवं होतं, म्हणून मी, माझा नवरा आणि लेक असे आम्ही तिघं तिकडे गेलो. निघायच्या आधी पुण्याहून दादाचा फोन आला. म्हणाला, जपून राहा, बाबा काय सांगायचे आठवतंय ना? न आठवायला काय झालं? तुम्ही गेलात, पण तुमची वाक्यं अजून आमच्या घरात जेवायला बसतात.

तीन वर्षं तुम्ही तिथल्या कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर होतात आणि आम्ही पुण्यात होतो. सुट्टीवर आलात की ताटावर बसून तुम्ही आम्हाला लागोस सांगायचात. ते लोक किती आळशी, किती खोटं बोलतात, घड्याळं कशी चोरतात, त्यांच्या हातचं पाणीसुद्धा तुम्ही कसं घेत नाही. आम्ही दोघं भात कालवता कालवता ऐकायचो. ज्या गावात तुम्ही कमावलंत, ज्या गावावर आमच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या, त्या गावातल्या एका माणसाबद्दल तुम्ही कधी बरा शब्द काढला नाहीत. एकसुद्धा नाही, बाबा.

आणि तो दिवस. तुम्ही कायमचे परत आलात त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दुपार आहे. बेल वाजते. मी दार उघडते तर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक उंच मुलगा उभा आहे. पुण्यात शिकायला आलाय, तुमच्या कारखान्यातल्या फोरमनचा पुतण्या. काकाने तुमच्यासाठी पाठवलेलं पुडकं दोन्ही हातांनी पुढे धरून तो "नमस्ते" म्हणतो. तुम्ही बाहेर येता, उंबऱ्यातच उभे राहता, पुडकं घेता आणि घरात पाहुणे आहेत असं सांगता. घरात कुणी नव्हतं. आतून आई म्हणते, "अहो, चहा झालाय." तुम्ही मागे न बघता म्हणता, "तो निघालाय." तो आणखी एकदा "नमस्ते" म्हणतो आणि जिना उतरतो. मी गॅलरीत जाऊन त्याला हात हलवला, त्यानेही वर बघून हलवला, आणि त्याबद्दल तुम्ही माझा दंड धरून मला आत ओढलंत. असल्यांना हात दाखवायचा नसतो, म्हणालात. आईने एक कप चहा मोरीत ओतला. पुडक्यात निळं कापड होतं. त्याचे तुम्ही दोन शर्ट शिवलेत आणि कॉलर विरेपर्यंत वापरलेत, आणि आल्यागेल्याला सांगायचात, हे लागोसचं कापड, बघा हात लावून. कापड चाललं तुम्हाला. माणूस नाही चालला.

आता मी ते गाव पाहिलं. विमानतळाबाहेर पडल्यावर घामाने चष्मा खाली घसरला आणि पुढचे चार दिवस मी नुसती बघत राहिले. पिवळ्या बसगाड्या, दारात लोंबकळून ठिकाणांची नावं ओरडणारे कंडक्टर, थांबलेल्या गाड्यांच्या मधून डोक्यावर पाण्याच्या पिशव्या घेऊन पळत विकणाऱ्या बायका, वीज गेली की गल्लीभर एकदम धडधडणारे जनरेटर. विहीणबाई मला शहरातल्या बेटावरच्या बाजारात घेऊन गेल्या. तुळशीबाग दहा पट मोठी करावी आणि तिच्यात नुसतं कापड भरावं तसा बाजार. लग्नाला दोन्हीकडच्या बायकांनी एकाच कापडाचे कपडे घालायचे असतात, ते घ्यायला आलो होतो. दुकानदारणीने भाव सांगितला, विहीणबाई हसल्या, पाठ फिरवून चालू लागल्या, तिने हाक मारून परत बोलावलं. आई मंडईत हुबेहूब हेच करायची. मला हसू आलं आणि त्याच क्षणी तुमचा संताप आला. आळशी म्हणाला होतात ना? पाठीला पोर बांधून, तागे उचलून, एका हाताने फोनवर हिशेब करणाऱ्या त्या बाईला तुम्ही कधी बघितलंच नाहीत? तीन वर्षं काय डोळे मिटून काढलीत?

लग्नाच्या दिवशी आम्हाला दोघांना पुढे कोचावर बसवलं. मुलगा मित्रांना घेऊन आला आणि आमच्या पायांशी सगळे जमिनीवर पालथे पडले. साष्टांग, बाबा, कपाळ फरशीला टेकवून. वडीलधाऱ्यांपुढे तिथे असंच करतात, रोजच्या भेटीतसुद्धा निदान वाकतात तरी. म्हणजे तुम्ही हे शेकडो वेळा पाहिलं असणार. तुमच्या पायांशीही कुणी वाकलं असेल. ते आम्हाला सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला. घड्याळं चोरतात एवढंच लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना व्याही माझ्या शेजारी बसले होते. तेही तरुणपणी पुण्यात शिकले, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. त्यांनी चहाच्या टपऱ्या आठवल्या, मित्राच्या सायकलवर डबलसीट फिरलेलं आठवलं, आणि मग म्हणाले, भाड्याची खोली शोधत दारोदार फिरताना मी शिकलेलं पहिलं मराठी वाक्य सांगू का? आणि अगदी सदाशिव पेठी उच्चारात म्हणाले, "खोली गेली."

मला हसायचं होतं हे त्यांना दिसलं, आणि मला हसता आलं नाही हेही दिसलं. मग त्यांनी विचारलं की तुमचे वडील इथे होते ना, ते आमच्याबद्दल काय सांगायचे. मी खोटं बोलू शकले असते. वाक्य जिभेवर तयार होतं, तुमचा मान राखणारं. पण मी सगळं सांगितलं, उंबरा, पुडकं, मोरीतला चहा, सगळं. ते ऐकताना बोटं पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे माझ्या मुलाला सांगू नका. त्याला तुमच्याकडे जेवायला यायला फार आवडतं."

आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करून ठेवलंत? त्या भल्या माणसाने मला माफही केलं नाही आणि दोषही दिला नाही, फक्त आपल्या पोराला तुमच्यापासून वाचवलं. आता शनिवारी जावई पोळीवर तूप मागेल तेव्हा मला तुम्हाला तोंडात दाबून धरायचं आहे. जन्मभर. परतताना विमानात लेकीने जर्मनमध्ये विचारलं, ओपा, म्हणजे आजोबा, तिथे नेमकं करायचे काय? मी मराठीत म्हटलं, कापडाच्या कारखान्यात होते. ती म्हणाली, "उन्ट झोन्स्ट?" आणखी काय, म्हणजे. मी म्हटलं, आणखी काही नाही. माझ्या मुलीसाठी आता तुम्ही तेवढेच आहात. हे मी ठरवून केलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. दादाला दाखवले तर तो म्हणेल, गेलेल्या माणसाशी काय भांडतेस. उद्या आल्टपापिअरचा डबा न्यायला गाडी येईल, त्यात जातील रद्दीबरोबर.

फक्त एक राहिलं. पहिल्या दिवशी गाडी खाडीवरच्या लांबच लांब पुलावर चढली. खाली पाण्यात उभी लाकडी घरं, त्यांच्यातून धूर, होड्या, आणि पलीकडे ते एवढं मोठं गाव. तेव्हा राग वगैरे काही नव्हता. मी पर्समधून फोन काढला होता, तुम्हाला विचारायला, की बाबा, तुमचा कारखाना कुठल्या बाजूला होता.