भोपळा अजून अखंड आहे

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे.) तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला कसा आहे ते कळव. आमच्याकडे सगळं ठीक आहे.

शाळेच्या तपासणीत धाकट्याचं रक्त कमी निघालं, हे तुला कळलंच असेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलांना सोबत घेऊन पौष्टिक स्वयंपाक करा, स्वतः रांधलेलं मुलं आवडीनं खातात. (बाईंना मुलं नसावीत.) म्हणून रविवारी मी दोघांना ओट्याशी उभं केलं. धाकट्याने मटार सोलले. किलोभर शेंगांतून पातेल्यात सतरा दाणे पडले. बाकीचे वाटेत खाल्ले, असं त्याने शांतपणे सांगितलं. मात्रा लागू पडतेय असं वाटून मी लगेच सूपसाठी भोपळा पुढे ओढला. तिथे चुकलं.

मी मोजणी खात्यातला माणूस, मला अंदाजाने सुरी चालवणं जमत नाही. भोपळ्यावर खडूने आठ समान फाकांच्या रेषा आखल्या आणि सुरीला धार लावायला वळलो. तेवढ्यात धाकट्याने त्याच खडूने दोन रेषांमध्ये डोळे, नाक आणि हसरं तोंड काढून त्याचं नाव मामा ठेवलं. (साम्य माझ्या आधीच लक्षात आलं होतं, पण घरात बोललो नव्हतो.) मी सुरी घेऊन आलो तर हा भोपळ्याला पोटाशी धरून म्हणतो, "बाबा, तो बघतोय." थोरलीने भोपळ्याचं तोंड भिंतीकडे फिरवून पाहिलं. "पण ऐकू येतंय ना त्याला," धाकटा म्हणाला. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते मी त्या दिवशी विळ्याच्या बाजूने अनुभवलं. ही दुपारी घरी आली तेव्हा तिच्या खुर्चीत भोपळा बसला होता, टोपी घालून. नाव कळल्यावर ती माझ्याशी दोन दिवस कामापुरतंच बोलली.

तेव्हापासून तो रोज आमच्या पंगतीला असतो. पण खोटं कशाला बोलू, धाकटा त्याच्यादेखत पालक, गाजर, मसूर, सगळं निमूट संपवतो. आपण ताटात टाकलं तर मामा काय शिकेल, असं त्याचं म्हणणं. महिन्याने पुन्हा तपासलं तर रक्त चांगलं वाढलंय. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. पद्धत मी सांगितली नाही.

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. भोपळा बुडाशी मऊ पडलाय. तो गेला तर पोरगं पुन्हा जेवण टाकेल, या धास्तीने आम्ही दोघं त्याला रोज चाचपून बघतो. थोरलीने तोडगा काढला: ऑपरेशन करून बिया काढायच्या आणि अंगणात लावायच्या. धाकटा कबूल झालाय, पण सुरी बाबांनी धरायची नाही, आत्याने धरायची. तू इस्पितळातून निवृत्त झालीस हे त्याला मान्य नाही. शनिवारी ये. नर्सचा जुना पोशाख असेल तर घालून ये.

ता. क. २ नाही म्हणू नकोस. आज सकाळी त्याने मामाला सांगूनही टाकलं, "घाबरू नको, आत्याचा हात हलका आहे."