हळद हिरवट येते

१३ एप्रिल, रविवार

खोलीभर ऑइलपेंटचा वास. उद्या बाबासाहेबांची जयंती, म्हणून अप्पांनी दरवर्षीसारखी खोली निळी केली. एरवी फिका डिस्टेंपर असतो. यंदा ऑइलपेंट, तोही गडद! म्हटलं, अप्पा, आज ना उद्या चाळ पाडणार, कशाला एवढा थाट? म्हणाले, "नायगावातली शेवटची पाळी आहे. चांगलाच मारू."

आई गेल्यापासून शेड अप्पाच निवडतात, धाकटा भाऊ सम्यक स्टूल धरतो. भिंती इतक्या चकचकीत की वेणी घालायला आरसा नको. माझं एडिटिंगचं टेबल परत भिंतीला लावलं. खोली छान दिसतेय, खोटं कशाला बोलू.

२२ एप्रिल

प्रितीताईंचा फोन. त्यांच्या दादरच्या स्टुडिओतले लग्नाचे अल्बम मी घरी बसून एडिट करते. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "वैशाली, हळदीचे प्रिंट बघून जा. हळद हिरवट आलीय आणि नवरी गारठलेली."

जाऊन बघितलं. खरंच! एप्रिलच्या उकाड्यातलं लग्न आणि बाई फ्रिजमधून काढल्यासारखी. आजवर माझ्या रंगांना कोणी नाव ठेवलं नव्हतं.

त्यांनी आता अक्षता नावाच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम दिलाय. "हासुद्धा असाच आला तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल गं." दुसरं कोणीतरी! त्यांचंच काम आहे माझ्याकडे, बाकी सगळा किरकोळ बाजार.

मॉनिटर गेला असणार. सम्यकच्या मित्राकडून जुनाच घेतला होता.

२३ एप्रिल

सम्यकने स्वतःहून विषय काढला. गेमसाठी वेगवान मॉनिटर घ्यायचा म्हणून किती दिवस पैसे साठवतोय तो. म्हणाला, एकच घेऊ, दोघं वापरू. त्याचं घरून करायचं ऑफिसचं काम, त्याचा गेम, माझे फोटो – सगळं एकाच टेबलावर. दोन मॉनिटर मांडले तर अप्पांची गादी पॅसेजमध्ये जाईल.

२७ एप्रिल, रविवार

लॅमिंग्टन रोड. पाय मोडले. दुकानदाराचा एकच मंत्र – "गेम खेलना है तो ये, फोटो का काम है तो वो. दोनो चाहिए तो बजेट बढाओ."

सम्यक वळणदार स्क्रीनसमोर उभा. त्यावर गाडी पळत होती, आणि हा पठ्ठ्या वळणावर स्वतःच तिरका होत होता! मी अक्षताच्या अजून हात न लावलेल्या फोटोंचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, सपाट मॉनिटरला लावला. नवरीच्या गालावरची हळद पिवळीधमक. अंगावर काटाच आला.

सम्यकने एकदा गाडीकडे पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हा सपाटवाला बांधा."

म्हटलं, नीट विचार कर रे.

"ताई, मी हरलो तर मॉनिटरवर ढकलता येईल. तुझी नवरी हिरवी झाली तर काम जाईल."

धाकटा आहे, पण कधी कधी थोरला होतो.

२८ एप्रिल

घरी लावला. तोच फोटो, तोच मॉनिटर – आणि सगळं पिवळट! पांढरी साडीसुद्धा. मी म्हटलं, दुकानदाराने बदलून दिला. सम्यक म्हणाला, "तुझ्यासमोर खोका बांधला त्याने." मग काय, नेहमीसारखा थोडा निळा वाढवला, तेव्हा कुठे डोळ्याला बरं दिसलं.

३ मे

डोळे तपासले. उत्तम आहेत म्हणे. चष्म्याचा नंबरही तोच.

९ मे

अक्षताच्या अल्बमचे नमुन्याचे प्रिंट काढून आणले. हिरवट. पुन्हा.

रडले. चाळीत रडायलाही आडोसा नाही, म्हणून टेबलावरच. अप्पांनी चहा आणून बाजूला ठेवला. सम्यक हळू आवाजात गेम खेळला आणि हरला. मॉनिटरला एका शब्दाने दोष दिला नाही.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात जायचं म्हणून अप्पांनी पांढरा शर्ट घातला आणि टेबलापाशी येऊन कुरकुरले, "वैशू, नीळ जास्त झालीय."

मी नीळ घातलीच नव्हती! बाटली महिन्याभरापूर्वीच संपलीय. पण बघितलं तर शर्ट खरंच निळसर. काढा म्हटलं, आणि घेऊन जिन्यापाशी उजेडात गेले. पांढराशुभ्र! परत खोलीत आणला – निळसर. पुन्हा जिन्यापाशी – पांढरा. शेजारच्या शांताकाकी म्हणाल्या, "शर्ट वाळवतंस की फिरवतंस गो?"

आणि तिथेच डोक्यात लख्ख झालं. भिंत! चकचकीत निळ्या भिंतींचा उजेड सगळ्या खोलीवर पडतो. डोळ्यांना निळ्याची सवय झालेली, म्हणून स्क्रीनवरचा साधा पांढरा पिवळट वाटतो. मग मी बया निळा वाढवत बसते, आणि प्रिंटमध्ये हळद हिरवी होते.

म्हणजे नवा मॉनिटर चांगला. जुनाही चांगलाच होता. सम्यकने आपली गाडी उगाच सोडली. आणि कारण काय, तर अप्पांनी हौसेने मारलेला शेवटचा रंग.

अप्पांना शर्ट दिला. म्हटलं, डाग बघत होते.

१३ मे

सम्यकला सांगितलं. भिंतीकडे बघून इतका हसला की खोकला लागला. "म्हणजे मी वळणदारवाला घेऊ शकलो असतो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर म्हणाला, "जाऊ दे ना. यावर गेममधलं गवत काय भारी दिसतं. मरायच्या आधी दोन मिनिटं बघत बसतो."

अप्पांना सांगायचं नाही, यावर दोघांचं एकमत. तो रंग त्यांना या घराचा निरोप वाटतो. त्यावर मी बोट कसं ठेवू? टेबलामागे आणि बाजूने राखाडी चादरी बांधल्या. अप्पांना सांगितलं, तिरीप येते. त्या भिंतीला खिडकीच नाही! अप्पा फक्त "बरं" म्हणाले.

अक्षताचे सगळे फोटो पहिल्यापासून करतेय.

१७ मे

अल्बम पास! प्रितीताई म्हणाल्या, "ही बघ, आता हळद लागली नवरीला." पुढचे दोन अल्बम हातात दिले. येताना सम्यकसाठी माहीमचा हलवा घेतला.

१८ मे, रविवार

बाजारातून आले तर चादरी घडी घालून ठेवलेल्या. टेबल ओढून पुढे घेतलेलं. बाबासाहेबांची तसबीर टेबलावरून काढून अप्पांच्या उशाशी, निळ्या भिंतीवर. आणि टेबलामागची भिंत राखाडी, अजून ओली. स्टुलावर अप्पा, स्टूल धरून सम्यक.

म्हटलं, अप्पा, हे काय केलंत?

"शर्ट घेऊन जिन्याकडे पळालीस तेव्हाच कळलं मला. बाबासाहेबांनी शिकायला सांगितलंय, भिंत रंगवायला नाही. ही शेड चालेल का, ते बघ."