आढ्याचं दुसरं टोक

हार्लन बेंड, मोंटाना
मंगळवार, ११ ऑक्टोबर १९९४

चि. लॉइड यास,

थोरल्या बहिणीनं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहावेत अशी रीत आहे, म्हणून लिहिते. मनापासून आहेत असं समजू नकोस. आम्ही इकडे बरे आहोत. तूही तिकडे टूसॉनला बराच असशील, तुला काय धाड भरलीय! दिवसभर लोकांना पोहण्याच्या तलावांची प्लास्टिकची झाकणं विकायची, संध्याकाळी काठी घेऊन एवढ्याशा चेंडूमागे फिरायचं. कॅनव्हासच्या तंबूत वाढलेला मुलगा प्लास्टिक विकतो. आई असती तर कपाळावर हात मारून घेतला असता तिनं.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता. दर वेळी तुझी जॅनेट साखरेत घोळलेल्या आवाजात सांगते, "तो बाहेर गेलाय हो, सिग्ने." आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो. तो खोकला मी तुझ्या पाळण्यापासून ओळखते, गाढवा. म्हणून पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड.

कामाचं आधी लिहिते. रविवारी तेवीस तारखेला एल्क हरणांची शिकार सुरू होतेय आणि वरच्या कॅम्पवर आपला तंबू अजून उभा नाही. बाबांना यंदा त्यात झोपायचंय. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं, म्हणून यंदाच. तंबू उभा करायला एक माणूस कमी पडतोय. तो माणूस तू. हे एवढंच सांगायचं होतं. बाकी सगळं इकडचं तिकडचं.

बाबा ठणठणीत आहेत. खातात, पितात, गॉर्डनला शिव्या देतात. कधीमधी कॉफीत साखरेऐवजी मीठ घालतात आणि पिऊनही टाकतात. ऐंशी ओलांडल्यावर माणूस जरा इकडेतिकडे व्हायचाच.

तुझे दाजी मात्र दिवसेंदिवस दिव्य होत चाललेत. उन्हाळ्यात गॉर्डननं कुठल्याशा कॅटलॉगात बघून तंबूसाठी ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा मागवला. एकात एक नळ्या खोचायच्या, वरून कॅनव्हास टाकायचा, झालं म्हणे. अंगणात मोठ्या थाटात मांडून बाबांना दाखवायला बोलावलं. बाबा भोवती एक फेरी मारून आले.

"हे काय? गुरांना पाणी पाजायचं का याच्यातून?"

"तंबूचा सांगाडा आहे, बाबा. आता आढंबिढं काही लागत नाही."

"आढं लागत नाही? मग तुझ्या घराचं छप्पर कशावर उभंय रे, बायकोच्या डोक्यावर?"

गॉर्डन हिरमुसला. मला पहिल्यांदा वाईट वाटलं, मग मीही हसले. तशीही त्यातली दोन कोपऱ्यांची जोडणी आलीच नव्हती. आता त्या नळ्यांवर माझ्या घेवड्याचे वेल चढतील पुढच्या वर्षी, तेवढाच त्यांचा उपयोग.

तर गेल्या शनिवारी आम्ही तिघं खेचरं घेऊन वर गेलो. पहिल्या फेरीत कॅनव्हास, दोर, मेखा, करवत, कुऱ्हाड आणि साल तासायची सुरी. पत्र्याची शेगडी आणि गवताच्या पेंढ्या दुसऱ्या फेरीत आणायच्या होत्या. वर पोचल्यावर गॉर्डननं छानशी सपाट, मऊ गवताची जागा शोधली. "इथं लावू." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला तुझी आठवण झाली. तूही पहिल्यांदा तीच जागा दाखवली होतीस.

"मऊ दिसलं की बूड टेकायचं, एवढंच शिकलास का रे? गवत एवढं हिरवं का आहे तिथं? पाणी साठतं म्हणून. बर्फ वितळलं की रात्री अंथरुणासकट पोहशील."

मग ते आपल्या जुन्या उंचवट्यावर गेले. दार उताराकडे, पाठ वाऱ्याकडे, शेगडीच्या पायांसाठी चपटे दगड अजून तिथंच. काही म्हणजे काही विसरले नाहीत, बघ. डोळे भलतीकडेच लागलेले, आणि हातांनी तणाव्यांच्या गाठी एकामागून एक मारत होते, ओढली की घट्ट, झटका दिला की मोकळी. मला त्या आजही धड जमत नाहीत.

त्या जुन्या स्प्रूसच्या झाडाकडे मात्र कोणी बघत नव्हतं. मी बघितलं. बुंध्याशी अजूनही तो पांढुरका पट्टा आहे, जिथं आपले वासे टेकवून ठेवलेले असायचे.

ते सगळं परत काढायची माझी इच्छा नव्हती, पण निघालंच आहे. कॅम्प मोडला की वासे आणि आढं झाडाला उभे टेकवून ठेवायचे, पुढच्या वर्षी ते तिथंच असतात. कोणीही येऊन वापरावेत, जाताना परत टेकवावेत. पण जाळायचे नाहीत. या डोंगरात माणूस थंडीनं मरेल, दुसऱ्याच्या वाशांना काडी लावणार नाही. आणि आपलं आढं तर आजोबांनी तोडलेलं, धुरानं काळं झालेलं, हातांनी गुळगुळीत झालेलं. तू घर सोडलंस त्याच्या आदल्या साली शेवटी कॅम्पवर तुम्ही दोघंच उरला होतात, तू आणि बाबा. पुढच्या शरदात वर गेलो तर झाडाखाली काही नाही, आणि चुलीच्या राखेत करवतीनं कापलेली टोकं. बाबा म्हणाले, लॉइड. तू म्हणालास, "मी नाही." बाबा म्हणाले, "मग काय अस्वलानं करवत चालवली?" तू खेचरावरनं आपलं सामान उतरवलंस, आणि चालत खाली गेलास. त्यानंतर तिथं आपला तंबू लागलाच नाही.

वासेजाळ्या हे नाव बाबांनीच ठेवलं. गावभर मी केलं. पेंडीच्या दुकानात, चर्चच्या जेवणात, जिथं तुझा विषय निघेल तिथं. लोक हसायचे. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचे.

असो. शनिवारचं सांगत होते.

नवं आढं बाबांनीच निवडलं. उभ्यानं वाळलेला पाईन, हातानं थोपटून, कान लावून. गॉर्डननं तोडला, मी साल तासली. दोन्ही टोकांना कात्रीसारखे बांधायचे कैच्यांचे वासेही झाले. कॅनव्हास उंचवट्यावर पसरला. आढं आत सरकवायचं आणि दोन्ही टोकं एकदम उचलून कैच्यांवर टाकायची, एवढंच राहिलं होतं. त्याला दोन धडधाकट माणसं हवीत. मी आणि गॉर्डन उचलणार होतो, पण आभाळ भरून आलं, म्हणून तो आधी शेगडी आणि गवत आणायला खेचरं घेऊन खाली गेला. कॅम्पवर उरलो मी आणि बाबा. दोघंच.

मी पाणी आणायला नाल्यावर गेले. तिथं असताना करवतीचा आवाज आला. मला बरं वाटलं बघ. म्हटलं, म्हातारा या वयातसुद्धा सरपण काढतोय, आणि आमचा गॉर्डन दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकतो. मी मुद्दाम हळूहळू पाणी भरलं.

परत आले तर त्यांनी आढं कापून ठेवलं होतं. शेगडीत मावतील असे तुकडे, सगळे सारखे, नीट एकावर एक रचलेले. वरच्या तुकड्यावर बसून कॉफीचं पाणी ठेवायची तयारी करत होते. गुणगुणत होते.

"बाबा, हे काय केलंत?"

"सरपण, इंगा. पोरं थंडीनं काकडत येतील."

इंगा म्हणाले मला. आईचं नाव घेऊन. हातातलं पाणी माझ्याच बुटांवर सांडत होतं, तेही मला कळलं नाही.

कॉफी झाली. एक घोट घेतला, आणि मग त्यांची नजर कॅनव्हासवर गेली. कॅनव्हासवरून त्या ढिगावर. तुकड्यांची साल ताजीच तासलेली बघून त्यांचा चेहरा लालभडक झाला. तो चेहरा तू पाहिलायस.

"आढं कुठंय? कोणी कापलं हे?"

ते माझ्याकडे वळले.

"लॉइड येऊन गेला का गं?"

मला वाटलं, आता शिव्या सुरू होणार. झाल्या नाहीत. बाबा उठून उभे राहिले आणि झाडांकडे बघायला लागले. या झाडाकडून त्या झाडाकडे. मग दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. "लॉइड! ये रे बाहेर! कॉफी ऊन आहे तोवर ये!"

लॉइड, मी अशी हाक त्यांच्या तोंडून तुझ्यासाठी कधी ऐकली नव्हती.

तर आता मला सगळं कळलंय, आणि तुला ते तेव्हाच कळलं होतं. कॅम्पवर दोनच माणसं. त्यातला एक म्हणतो मी नाही. मग कोण, हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. मला नाही सुचलं. पण तू! तू बघितलं असशील डोळ्यांनी. "मी नाही" एवढंच म्हणालास आणि तोंड शिवून टूसॉनला जाऊन बसलास, कोणीतरी साधुपुरुष असल्यासारखा. मूर्खा, मला तरी सांगायचंस! सगळ्यांसमोर नाही, बाबांसमोर नाही, निदान स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात सांगायचंस. मी सख्खी बहीण आहे तुझी, पेंडीच्या दुकानातली गिऱ्हाईक नाही. माझी अशी फजिती करून ठेवलीस की आता तुझा नीट रागही करता येत नाही. तरी मी करतेय. जमेल तेवढा करणार.

तुला वाटलं असेल, मी विश्वास ठेवला नसता. नसताच ठेवला. तरीही सांगायचंस.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिलीय, तीच टाळत होते. बाबांनी विचारलं ना, लॉइड येऊन गेला का. मी म्हणाले, "हो." पुन्हा तुझ्याच माथी मारलं, यावेळी जाणूनबुजून. म्हणाले, "येऊन गेला. चुकून कापलं त्यानं. नवं आढं तोडायला वरच्या अंगाला गेलाय, आणतो म्हणाला."

बाबा म्हणाले, "एकटा? मग दुसरं टोक कोण धरेल?" आणि तुझ्या मागे चढावर जायला निघाले. कोटाला धरून मागे ओढावं लागलं त्यांना. गॉर्डन आल्यावर मी त्याला सांगितलं, आढं तडकलेलं निघालं, आज नको. त्यानं विश्वास ठेवला. तो काय, कशावरही ठेवतो, त्या नळ्यांवरसुद्धा ठेवला होता. कॅनव्हास आम्ही कोरडाच गुंडाळून झाडावर टांगून ठेवलाय, उंदरांच्या तावडीतून सुटावा म्हणून.

घरी आल्यापासून बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून असतात. सकाळी कॉफीत मीठ कोणी घातलं, दुपारी कोण आलं, काही आठवत नाही. पण हे आठवतं. सारखं विचारतात, "पोरगं अजून आलं नाही?" मी म्हणते, येईल. "त्याला काय कळतंय आढ्यातलं, वाकडंच आणेल." मी म्हणते, आणू दे. मग थोड्या वेळानं परत विचारतात.

तेव्हा तू येणार आहेस. विचारत नाहीये मी. येताना तंबू म्हणून तुझं ते घडीचं नायलॉनचं टोपडं आणू नकोस, आणि गोल्फचे बूट घालून खेचरावर बसू नकोस, खेचरं हसतील. जॅनेटला आणलंस तरी चालेल. तिच्या हातात साल तासायची सुरी देऊ, जरा खरखरीत होतील तिचे हात. पाईन तू तोड. वाकडा तोडलास तरी तोंडातून शब्द काढणार नाही मी, म्हणजे बाबांसमोर तरी नाही.

दारात पाय ठेवलास की ते तुला शिव्या घालतील. खाऊन घे. आणि विचारतील, इतका वेळ कुठं होतास? तेव्हा शहाणपणा करून खरंखोटं करत बसू नकोस. सांग, आढं शोधत होतो.

एक टोक धरून उभी असलेली,
तुझी सिग्ने