रक्तात सापडलेली बुरशी

माय, आज माझ्या रक्ताचा दुसरा रिपोर्ट आला, आणि मला ते तुलाच सांगायचं आहे. तू गेलीस तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. आमचे हे गेल्यावर घर खायला उठायचं, तेव्हा लेकाच्या जुन्या पुस्तकांवरून मी वाचायला शिकले. आता अफ्लाटॉक्सिन हा शब्दही न अडखळता वाचते.

उन्हाळ्यात लातूरहून तपासणीवाले आमच्या लोह्याकडच्या गावात आले होते. भुईमुगाच्या दाण्यावर बुरशी धरते, तिचं विष, तेच हे अफ्लाटॉक्सिन, पोटातून रक्तात जातं आणि तिथल्या प्रथिनाला चिकटून बसतं. म्हणजे आज काढलेलं रक्त मागच्या दोन-तीन महिन्यांचं खाणं सांगतं. माझ्या रक्तात ते बरंच निघालं. का, ते मला विचारावं लागलं नाही. अजून डोळ्यांसमोर दिसतं, तू दाणे निवडायला सूप घेऊन ओसरीत बसली आहेस. टपोरा दाणा बियाण्याला, चांगला बाजाराला, काळा-सुरकुतलेला आपल्या चटणीला. एकदा मी मूठभर काळे दाणे उकिरड्यावर टाकले, तर तू मनगट धरलंस. "लई मोठ्या घरची झालीस का गं? कडू लागते म्हणं. लसूण जास्त घाल, न्हाई लागत." सासरी मी तेच केलं. यांच्या भाकरीवरही तीच चटणी असायची. यांचं लिव्हर कशानं गेलं, ते आता कुणाचं रक्त सांगणार नाही. तपासणीवाल्यांना मी विचारून पाहिलं.

नंतर तीन महिने मी एकही काळा दाणा तोंडात घातला नाही, आणि आज आकडा पार खाली आला. तपासणीची पोरगी म्हणाली, "मावशी, पेढे पाहिजेत." मग सहज विचारलं, "काळे दाणे टाकून देता ना?"

"टाकू कशाला? म्हशीला घालून राहिले. दूध बी वाढलं."

तिचं पेन थांबलं. "दूध कोण पितं?"

"सून. सातवा लागलाय तिला."

"मावशी, ते विष दुधात उतरतं."

घरी मी जवळजवळ पळतच आले. भीती होतीच, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एखादी गोष्ट वेळेवर कळली होती. टोपलंभर दाणे खड्ड्यात पुरले, धार काढून दूध ओतून दिलं. दाणे बंद केले की काही दिवसांत दूध साफ होतं म्हणे. पुढच्या आठवड्यात सुनेचंही रक्त घेणार आहेत.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. सुनेला मी खरं सांगितलेलं नाही. म्हशीला औषध चालू आहे, म्हणून दूध नको, एवढंच बोलले. ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही किती जपता हो मला." मी पातेलं घासत राहिले.