अण्णांच्या तीन पात्यांच्या चाकूची व्यवस्था

मी, कुमारी बेबीनंदा सर्जेराव कंटुले, वय सत्तावीस, काम शिवण आणि लहान मुलांच्या शिकवण्या, राहणार कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, पण वकीलसाहेब म्हणाले की कायदा फक्त डोक्याचे विचारतो. झडपेचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात मुंबईला आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. आई तर लिहूच देत नव्हती.

कलम १. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्या माघारी घर आईच्या आणि माझ्या नावावर झाले. माझा हिस्सा आई द्वारकाबाई हिला. न्हाणीच्या भिंतीला ओल आहे, ती पावसाळ्याआधी बघून घ्यावी. पोस्टातली शिल्लकही आईला.

कलम २. शिलाई मशीन गावच्या अंगणवाडीला, मोठ्या मुलींनी शिकावे म्हणून. मशीन टाके मधेच सोडते, हे देतानाच सांगावे. नंतर कोणाला फसवल्यासारखे वाटू नये. तुळजाबाई अंगणवाडीच्या सेविका आहेत आणि या कागदावर साक्षीदारही आहेत, पण मशीन अंगणवाडीला आहे, त्यांना नाही.

कलम ३. घडीचे चाकू. अण्णा जालन्याला लोखंडाच्या एका कारखान्यात भंगार निवडायच्या कामावर होते. अमेरिकेतून बोटीने आलेले जुने लोखंड तिथे भट्टीत जायचे. पत्रे, नळ, मोटारींचे तुकडे, आणि त्यात क्वचित एखादा मिटलेला चाकू. अण्णा तो बाजूला काढत, मुकादमापुढे तोलून भंगाराच्या भावाने विकत घेत आणि मगच खिशात टाकत. यातला एकही चाकू चोरीचा नाही. मी नसताना कोणी बोलले तर आईने हे कलम दाखवावे.

सांध्यांच्या तापामुळे मला शाळेत जाता आले नाही. अण्णा शनिवारी एस.टी.ने घरी येत आणि सोबत आणलेला चाकू उघडून पात्याच्या बुडाशी ठोकलेली अक्षरे मला वाचायला लावत. यू, एस आणि ए ही तीन अक्षरे मी बाकीच्या इंग्रजीच्या आधी शिकले. मराठी आणि हिशेबही त्यांनीच शिकवला. पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून मी दहावी झाले. तेव्हापासून चाकू पुसणे, तेल देणे आणि कापडात गुंडाळून ठेवणे माझ्याकडे आहे. घराबाहेर पडताना एक नेहमी माझ्या पर्समध्ये असतो. मुंबईला जाताना तो आईजवळ ठेवून जाईन, दवाखान्यात चालणार नाही.

अमेरिकन फौजेचा, मुठीसकट सगळा पोलादी चाकू आईचा. तसाही ती त्यानेच भेंडी चिरते. वाकड्या पात्याचा, छाटणीचा, माझा चुलतभाऊ धर्मराज याला. तो अंबडला मोसंबीची कलमे बांधतो. शिंपल्याच्या मुठीचा लहान चाकू त्याची बायको उषावहिनी हिला. बाकीचे आईजवळ एकत्र राहू द्यावेत.

पात्यांवरचा काळेपणा घासून काढू नये. तो गंज नव्हे. हे जुने पोलाद लिंबाने, कैरीने काळे पडते. मी दोन चाकू विटकरीच्या भुकटीने घासून चकचकीत केले होते. पुढे एका इंग्रजी मासिकात वाचले की अमेरिकेत असे चाकू जमवणारे लोक आहेत, आणि घासलेला चाकू ते हातातही घेत नाहीत. अण्णांना मी हे सांगितले नाही. त्या घासलेल्या चाकूंचेच त्यांना फार कौतुक होते.

कलम ४. धार लावणारे महेमूदचाचा यांना एक चाकू ठेवायचे मनात होते. वकीलसाहेबांच्या मते साक्षीदाराला काही न ठेवलेले बरे. म्हणून मी चाचांनाच विचारले, चाकू हवा की साक्ष करता. ते म्हणाले, "चाकू तर रोज हातात असतेत, बेटा. सहीला कोन बुलावतंय मला? सही करतो." म्हणून त्यांच्या नावावर काही नाही.

कलम ५. हे कलम लांब आहे, त्याला इलाज नाही.

अण्णांचा स्वतःचा चाकू तीन पात्यांचा होता. पिवळट हाडाची मूठ, अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झालेली. तो त्यांच्या बंडीच्या खिशात असायचा. सुतळी, मोसंबी, माझ्या पेन्सिली, सगळ्याला तोच. १९९५ च्या उन्हाळ्यात धर्मराजचे लग्न निघाले. हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार लागते. कट्यार कोणाकडेच नसते, चाकूवर भागवतात. अण्णांचे धाकटे भाऊ काकासाहेब, म्हणजे धर्मराजचे वडील, अंबडहून आले आणि म्हणाले की दादा, तुमचा अमेरिकेचा चाकू पाहिजे. चाकू हातातून हातात देत नाहीत, भांडण होते म्हणतात. अण्णांनी तो खाली ठेवला, काकांनी उचलला. मी तिथेच होते.

लग्न झाले. चाकू आला नाही. आमच्या गावात अशी रीत आहे की हळदीला दिलेली कट्यार परत मागायची नसते. मागितली तर नवराबायकोत तुटते. म्हणून अण्णांनी मागितला नाही, आणि मी विषय काढला तर मला गप्प केले. आई मात्र प्रत्येक सणाला म्हणायची की भावाला चाकू पचला. गेलो तर मागायला आल्यासारखे होईल म्हणून आमचे अंबडला जाणे बंद झाले, मग त्यांचे येणेही. आजारपणात अण्णांचा हात सारखा खिशाकडे जायचा. शेजारच्यांना वाटे, छातीत दुखते आहे. मला माहीत होते. मी दुसरा चाकू खिशात ठेवून पाहिला. त्यांनी मूठ चाचपली आणि तो उशाशी काढून ठेवला.

१९९९ मध्ये अण्णा वारले. काका स्मशानात आले आणि तिथूनच परस्पर अंबडला गेले. आई म्हणाली, तोंड दाखवायला आल्ता.

या संक्रांतीला माझ्या ऑपरेशनचे कानावर गेले म्हणून उषावहिनी लहान मुलीला घेऊन आल्या. आई चुलीपाशी बसून राहिली, बाहेर आली नाही. वहिनींनी इकडचे तिकडचे बोलून मला विचारले, "ताई, अण्णा चाकू न्यायला का आले न्हाई?"

मी म्हणाले, मागायचा नसतो.

मग त्यांच्याकडून कळले ते असे. माझी चुलती चांगुणाबाई, म्हणजे वहिनींची सासू, हिचे माहेर लांबच्या धावडा गावचे. तिकडे रीत उलटी आहे. ज्याची कट्यार त्याने स्वतः यायचे, नव्या नवरीच्या हातचे पाणी प्यायचे आणि आपली वस्तू उचलून न्यायची. नवऱ्याच्या घरच्यांनी ती पोचवली तर आलेले सौभाग्य परत केल्यासारखे होते. म्हणून त्यांनी पोचवली नाही.

"मी नवी नवरी," वहिनी म्हणाल्या. "रोज तांब्या घासून भरून ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, आज येतील भाऊजी. मंग म्हणायला लागल्या, आपल्या दारात पाणी बी प्यायचं न्हाई त्यांना."

मला आधी हसू आले, याची लाज वाटते. मग वहिनी म्हणाल्या, "मामंजी अण्णांच्या मातीला चाकू खिशात घेऊन आल्ते. त्यांना वाटलं, कोनीतरी म्हणल, घरला चला. कोनीच म्हणलं न्हाई."

आत आईच्या हातातले भांडे वाजायचे थांबले. ती तरीही बाहेर आली नाही.

चोर कोणी नव्हते. दोन्ही घरे धर्मराजचा संसार जपत होती, आणि त्याचा संसार चांगला चालला आहे. कोणी एकाने रीत मोडली असती तर अण्णा चाकू खिशात घेऊन गेले असते. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझे चुलते काकासाहेब यांना नेमते. त्यासाठी त्यांना आमच्या घरी येऊन बसावे लागेल. स्मशानात त्या दिवशी कोणी म्हटले नव्हते, म्हणून या कागदात लिहिते: काका, घरी चला.

तीन पात्यांच्या चाकूवर माझा जो काही हक्क असेल तो आईला. तिने अंबडला जावे, उषावहिनींच्या हातचे पाणी प्यावे. तिने मागायचे नाही, काकांनी द्यायचे नाही. काकांनी चाकू खाली ठेवावा, आईने उचलावा. मागणारी मी आहे, आणि तेव्हा मी नसेन, म्हणून माझ्या मागण्याने कोणाचे काही तुटणार नाही.

हे मृत्युपत्र मी आईला पूर्ण वाचून दाखवले. घराबद्दल आणि पोस्टाबद्दल ती काही बोलली नाही. कलम ६ ला तिची हरकत आहे. ती म्हणाली, "मी न्हाई जायची अंबडला. ते तुझं काम हाय. चांगली होऊन ये, आन तूच जाय." मी तिला समजावले की मी बरी होऊन आले तर या कागदाची गरजच उरत नाही. ती म्हणाली, "मंग लिही तसं." हरकत नोंदवायची गरज नाही, असे वकीलसाहेबांचे मत आहे. तरी तिच्या शब्दांत नोंदवली आहे. कलम कायम ठेवले आहे.

वरील मजकूर मी लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या समोर सही केली. दोघांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: कुंभार पिंपळगाव
तारीख: ९ फेब्रुवारी २००४

सही: बेबीनंदा सर्जेराव कंटुले

साक्षीदार:
१. शेख महेमूद शेख चांद, धंदा धार लावणे (सही उर्दूत)
२. तुळजाबाई रामकिसन आर्दड, अंगणवाडी सेविका

द्वारकाबाई सर्जेराव कंटुले, साक्षीदार म्हणून नव्हे, फक्त हरकतीपुरता: डाव्या हाताचा अंगठा