जावयाचं घड्याळ

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय उत्तरेश्वर,

तू तपासायला दिलेलं घड्याळ तपासून झालं. अस्सल आहे. आता घोटभर पाणी पी, खुर्चीत नीट बस आणि पुढचं सगळं शेवटपर्यंत वाच. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू नेहमीसारखा 'अरे इंद्रा, तू पण ना' म्हणत हसशील आणि कॉलेजपासूनच्या सवयीनं मीही हसून बसेन. मला हसायचं नाहीये. माझ्या शेफालीचं तुझ्या सूरजशी पुढच्या महिन्यात लग्न ठरलेलं, आणि गेला आठवडाभर मी या घरात एकाशीही धड बोललेलो नाही, इतकं डोकं फिरलंय माझं.

साखरपुड्याच्या दिवशी काय तोऱ्यात म्हणाला होतास तू! देणंघेणं काही नको, मानपान नको, फक्त जावयाला सासऱ्याच्या हातून एक जुनं घड्याळ मिळू दे, पोराला हौस आहे. मी किती हरखलो होतो हे तू पाहिलंस. रिटायर झाल्यापासून माझा उद्योगच तो. लोक जुनं घड्याळ विकत घेण्याआधी मला दाखवायला आणतात, मी भिंग लावून सांगतो, घ्या किंवा सोडा. रविवार पेठेतल्या एका दुकानात मी दोन घड्याळं हेरूनही ठेवली होती. तर तू म्हणालास, थांब, लातूरच्या एका ओळखीच्या माणसाला त्याचं एचएमटी विकायचंय, आधी ते बघ, अस्सल असेल तर तेच घे. दुसऱ्याच दिवशी मिठाईच्या रिकाम्या डब्यात घालून घेऊन आलास. चहा प्यालास, तुझ्या वहिनीच्या चकल्या मऊ पडल्यात म्हणालास आणि गेलास. चकल्या मऊच होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी घड्याळ कसं तपासतो ते तू कितीदा शेजारी बसून पाहिलंयस. विकणाऱ्याची गोष्ट ऐकायची नाही, हा पहिला नियम. प्रत्येकाचं घड्याळ आजोबांचंच असतं आणि प्रत्येक आजोबांनी ते फक्त सणासुदीला घातलेलं असतं. मग डायल. पन्नास वर्षांची डायल पांढरीशुभ्र दिसली की मी हात आखडता घेतो, कारण ती बहुतेक नव्यानं रंगवलेली असते. भिंगातून पाहिलं की आकड्यांच्या कडा फिसकटलेल्या दिसतात. मग केस, पॉलिश मारून मारून कोपरे गुळगुळीत केलेत का. मग मागचं झाकण उघडून आतलं मशीन. तुझ्या घड्याळाचं हे सगळं मी केलं. देवनागरी आकडे रेखीव, केसचे कोपरे शाबूत, आतलं मशीन त्या काळातलंच. चारच्या आकड्याखाली ओल लागून पडलेला तपकिरी डाग. सेकंदकाटा मात्र दुसऱ्या कुठल्या तरी घड्याळाचा, आखूड, कडेच्या रेघांपर्यंत पोचत नाही. एवढं मनाशी म्हटलं आणि माझा हात थांबला. कारण हेच सगळं मी आधी एकदा मोठ्यानं बोललो होतो, याच घड्याळाबद्दल.

लॉकडाऊनच्या काळातली गोष्ट. वाघोलीला रोपांची नर्सरी असलेले एक गृहस्थ, दशरथराव, मास्क लावून, हेच घड्याळ दाखवायला घेऊन माझ्या दारात उभे होते. मुलीचं लग्न ठरलं होतं, जावयाला जुन्या घड्याळाची हौस होती, आणि कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. मी त्यांना जिन्यातच खुर्ची दिली. डायलवरचा डाग बघून बिचारे कचरले, जावयाला डागाचं कसं द्यायचं, म्हणाले. मी त्यांना म्हटलं, अहो, डाग आहे म्हणजे डायलला कुणी रंग फासलेला नाही, खुशाल घ्या. काटा तेवढा बदललेला आहे, तो तसाच राहू द्या. इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी मोगऱ्याचं रोप आणून दिलं. पाहुणे लातूरकडचे आहेत एवढं बोलल्याचं मला पक्कं आठवतं. नाव त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. फोन केला, जावयाचं नाव विचारलं. ते म्हणाले, जावई होता, आता न्हाई, आणि नाव सांगितलं.

उत्तरेश्वर, सूरजचा घटस्फोट झालाय हे तू मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? शेफालीला सांगितलं असतं, दोघांना बोलू दिलं असतं, आणि तुझ्या पाठीवर हात ठेवला असता. माझ्या सख्ख्या भाचीचं दुसरं लग्न मी स्वतः लावून दिलंय, तू जेवून गेलास त्यात. पण तू लपवलंस! पंचवीस माणसांत, तोंडं झाकून उरकलेलं लग्न, तेही तुमच्या गावी, लातुरात, आणि सूनही तिकडेच ठेवलेली. पुण्यात कोणाला कळतंय, असा हिशेब केलास ना? आणि बरोबर केलास. कोणत्याही परक्या स्थळाची मी दहा ठिकाणी चौकशी केली असती. तुझ्या मुलाची केली नाही, कारण उत्तरेश्वरच्या पोराची चौकशी करायची म्हणजे उत्तरेश्वरवर संशय घेतल्यासारखं दिसलं असतं. मला भीड पडली. त्या भिडेवरच तू मांडव घालायला निघालास.

वाघोलीला जाऊन आलो मी. श्रद्धाला भेटलो. लग्नानंतर काही महिन्यांनी तिच्या मानेवर कोडाचा डाग उठला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तुम्ही तिला माहेरी आणून सोडलंत. आणि तू, ज्याला मी घरातला समजत होतो तो तू, तिच्या वडिलांना त्यांच्याच अंगणात, त्यांच्या सोयऱ्यांसमोर म्हणालास की डाग लपवून मुलगी आमच्या गळ्यात मारली. लाज नाही वाटली? लग्नात तो डाग नव्हता हे तुलाही माहीत आहे. आणि असता तरी काय आभाळ कोसळलं असतं रे? दशरथरावांनी भांडण केलं नाही, कोर्टात सह्या करून मोकळे झाले. मुलीचे दागिने तेवढे परत आले. जावयाला हौसेनं दिलेलं घड्याळ मात्र तुमच्याच कपाटात राहिलं. सूरजला ते आवडायचं, पण घालणार कसं? कुणी विचारलं असतं की कुठलं. म्हणून ते माझ्या हातून पुन्हा द्यायचं. म्हणजे ते सासऱ्याचंच झालं, सासरा फक्त बदलला. काय डोकं आहे तुझं, शाबास! फक्त दशरथरावांनी ते कोणाकडून तपासून घेतलं होतं, हे तू कधी विचारलं नव्हतंस.

मी शेफालीपासून काहीच लपवलं नाही. तिनं त्याच संध्याकाळी सूरजला भेटायला बोलावलं. त्यानं नाकारलं नाही, तेवढं त्याचं कौतुक. मान खाली घालून म्हणाला, बाबा म्हणाले होते की लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. घरी येऊन शेफाली आधी रडली, मग भयंकर चिडली, मग तिनं अंगठी काढून तुझ्या वहिनीच्या हातात दिली. एकतीस वर्षांचा माणूस आणि अजून बाबा म्हणाले! लग्न मोडलं, हे तुला एव्हाना सूरजकडून कळलं असेलच. अंगठी कुरिअरनं येईल. घड्याळाची वाट बघू नकोस. ते शेफालीनंच काल माझ्याबरोबर वाघोलीला येऊन श्रद्धाच्या हातात दिलं. श्रद्धानं ते मनगटावर बांधून पाहिलं, पट्टा सैल होता, तर दशरथराव लगेच खिळा तापवून पट्ट्याला भोक पाडायला धावले. नंतर आम्ही सगळ्यांनी पोहे खाल्ले.

पण हे पत्र त्यासाठी नाही. लग्न मोडल्याचं कळवायला एक ओळ पुरली असती. काल वाघोलीहून निघताना दशरथरावांनी मला बाजूला घेतलं. श्रद्धाला एक स्थळ आलंय. मुलगा शिक्षक आहे, त्यानं तिचा डाग पाहिलाय, त्याला त्याचं काही नाही. पण त्याच्या काकांना आधीच्या सासरकडून खातरी करायची आहे, आणि ते येत्या गुरुवारी तुझ्याकडे येणार आहेत. याआधीची दोन स्थळं तुझ्याशी बोलून गेल्यावर पुन्हा फिरकली नाहीत. दशरथरावांनी मला तुझ्याशी बोला असं म्हटलं नाही, ते फक्त घाबरलेत. सांगतोय ते मी. गुरुवारी ती माणसं आली की त्यांना बसव, पाणी दे, आणि सांग की लग्नात मुलीच्या अंगावर डाग नव्हता, कोणी काही लपवलं नव्हतं, मुलगी गुणी होती आणि आम्हीच तिला घालवून दिली. 'आम्ही' म्हण. सूरजवर ढकलू नकोस. हे एवढं तुझ्या तोंडून नीट निघालं, तर शुक्रवारी माझ्या दाराची बेल वाजव, शिव्या देत का होईना, पण दार मी उघडेन. नाही निघालं, तर जिना चढू नकोस.

तुझाच, आणि म्हणूनच इतका चिडलेला,
इंद्रजीत